आकाशासाठीं पिवळी कांच

दसऱ्याच्या सुटींत मामांनीं आपला जुना कॅमेरा व कृष्णधवल फिल्मची एक गुंडाळी माझ्या हवालीं केली. मंगळवार पेठेंतील आमच्या घरून रंकाळा पायीं गांठतां येतो. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं मी तेथें गेलों. पाऊस सरला होता. पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस, त्यावर निळेंभोर आकाश व त्यांत पिंजलेल्या कापसासारखे ढग! सारें टिपलें, अशा आनंदांत परतलों. पण छायाचित्रें हातीं आलीं, तों राजवाडा आहे, पाणी आहे, आणि आकाशाच्या जागीं कोरा कागद. आजोबांनीं चित्र डोळ्यांजवळ नेऊन विचारलें, "बाळ, यांत ढग कोठें आहेत?" त्यांचा मोतीबिंदू वाढत चालला होता. त्यांच्या दृष्टीला दोष द्यावा, तर मलाहि तेथें कांहीं दिसेना.

मामा हंसले. कृष्णधवल फिल्मला निळा प्रकाश आपल्या डोळ्यांपेक्षां अधिक उजळ भासतो. म्हणून निळें आकाश व पांढरा ढग तिच्या लेखीं जवळजवळ एकच. ही अडचण फार जुनी आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्र एका कांचेवर व आकाश दुसऱ्या कांचेवर घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापलीं! आमच्या बाबूराव पेंटरांनीं स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' काढला (१९२०), त्या काळीं प्रचलित असलेल्या फिल्मला तर तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे.

उपाय म्हणून मामांनीं भिंगावर बसविण्याची पिवळी कांच, म्हणजे फिल्टर, दिला. तो आकाशांत कांहींच भर घालीत नाहीं. निळा प्रकाश तेवढा अडवितो. आकाश त्यामुळें काळवंडतें. ढगांत सर्वच रंग असल्यानें ते फारसे मंदावत नाहींत व उठून दिसतात. मात्र प्रकाश सुमारें दुप्पट द्यावा लागतो. नारिंगीस चौपट, तांबड्यास आठपट. हें विसरून मीं चार चित्रें वायां घालविलीं. आभाळ भरून आलें असेल, तर हा खटाटोप व्यर्थच. अडवावयास निळें असतेंच कोठें? रंगीत चित्रांत पिवळी कांच चालत नाहीं. तेथें पोलरायझिंग फिल्टर घ्यावा, सूर्य खांद्याच्या बाजूस ठेवावा व आकाश गडद होईपर्यंत फिल्टरचें कडें फिरवावें.

अमेरिकेंत अॅन्सेल अॅडम्स यानें १९२७ सालीं हाफ डोम या प्रचंड कड्याचें चित्र प्रथम पिवळ्या व मग गडद तांबड्या फिल्टरमधून घेतलें. तांबड्यानेंच त्याच्या मनांतलें काळेंभोर आकाश उतरलें. तें ऐकून मींहि तांबडा लावला. रंकाळ्यावर भर सकाळीं जणूं प्रलय आला! मला तें चित्र खोटें वाटलें, पण आजोबांना त्यांतलेच ढग दिसले. त्यांनीं तें उशाशीं ठेवून घेतलें, आणि मला तें फाडवेना.

मार्गशीर्षांत त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर ते गच्चीवर कितीतरी वेळ उभे होते. "आकाश एवढें निळें असतें होय रे?" डॉक्टरांनीं सांगितलें कीं, वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळें पडतें व निळा प्रकाश अडवितें. म्हणजे आजोबा इतकीं वर्षें पिवळ्या फिल्टरमधूनच जग पाहत होते!

त्या सायंकाळीं मीं दोन्ही चित्रें त्यांच्यापुढें ठेवलीं. पिवळ्या कांचेचें त्यांनीं खिशांत घातलें. तांबड्याचें उलटसुलट करून पाहिलें व म्हणाले, "हें वादळ रंकाळ्यावर कधीं झालें?"