नग, माप, हजेरी

किहीमला आमच्या वाडीत नारळ काढायला येणारा माणूस झाडामागे पैसे घेतो. झाडावरून चाळीस नारळ पडोत नाहीतर चार, त्याचा दर तोच. मागच्या खेपेला बायको कुरकुरली, "चार नारळांचे एवढे पैसे?" म्हटलं, "अगं, नारळ आपलेच आहेत. आपण त्याचं चढणं विकत घेतोय." ती म्हणाली, "निवृत्त झालात, पण कचेरी काही सुटली नाही."

खरंच सुटलेली नाही. खरेदीच्या टेबलावर माझी सव्वीस वर्षं गेली. मागणीपत्र आलं की पहिला प्रश्न ठरलेला: ही वस्तू, काम की सेवा? वस्तू असेल तर पुरवठा आदेश आणि साठा नोंदवही. काम असेल तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश आणि शेवटी अभियंत्याचं मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एम.बी.च म्हणतात. सेवा असेल तर करारनामा, मुदत आणि महिन्याच्या महिन्याला देयक. बाहेरच्याला हा कागदांचा खेळ वाटतो. पहिली काही वर्षं मलाही वाटायचा.

मला टेबल शिकवणारे अधीक्षक नियमांचं पुस्तक क्वचितच उघडत. म्हणायचे, "नग, माप, हजेरी. बिलावर सही करण्याआधी तू काय बघणार, ते आधी ठरव. नग मोजणार असशील तर वस्तू. टेप लावणार असशील तर काम. माणूस रोज आला का, हे बघणार असशील तर सेवा." उन्हाळ्यातल्या टँकरचं उदाहरण ते हमखास द्यायचे. टँकर विकत घेतला तर वस्तू. टँकरनं पाणी पोचवून घेतलं तर सेवा, तिथे फेऱ्या मोजायच्या. आणि टाकी बांधली तर काम. पाणी तेच, वह्या तीन.

पुस्तक मी पुढे स्वतःच्या हौसेनं वाचलं. केंद्राच्या 2017च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतली वस्तूची व्याख्या मौजेची आहे. औषधं, फर्निचर, गुरंढोरं, विमानं, जहाजं सगळी एका रांगेत. पेटंट आणि परवानेही त्यातच. वाचनालयाची पुस्तकं तेवढी वगळलेली. व्याख्येच्या शेपटाशी एक वाक्य आहे: पुरवठ्याला धरून येणारी वाहतूक, विमा, बसवणी, प्रशिक्षण, देखभाल हे सगळं वस्तूतच धरायचं. या शेपटाचा अर्थ मला अंगावर बेतल्यावर कळला.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दुपारपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. एका शाळेच्या दोन खोल्यांचं छप्पर उडालं. टाळेबंदीमुळे मुलं घरीच होती, पण आत दप्तर होतं, बाकं होती, पोषण आहाराचा तांदूळ होता. पाऊस तोंडावर. सगळे अभियंते पंचनाम्यात अडकलेले, अंदाजपत्रक कोण करणार? मी डोकं चालवलं. पत्रा ही वस्तू. चाळीस पत्र्यांचा पुरवठा आदेश काढला. किनाऱ्यावर प्रत्येक घराला पत्रे हवे होते, तरी आमचे वेळेत आले. चाळीस मोजून घेतले, साठा नोंदवहीत चढवले, बिल मंजूर केलं. स्वतःवर खूष होतो.

आठवड्यानं मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "भाऊसाहेब, पत्रे मिळाले. पण ते व्हरांड्यात आहेत आणि पाऊस वर्गात आहे."

आदेशात जे-हुक नव्हते, वॉशर नव्हते. मोडलेले वासे बदलायचे होते, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुरवठादाराला बोलवावं, तर त्याचं काय चुकलं? बसवणी पुरवठ्यात धरता येते, हे खरं, पण आदेशात मी ती लिहायला हवी होती; आणि कुजके वासे बदलणं ही काही पत्र्याची बसवणी नव्हे. ते उघडउघड छप्पर दुरुस्तीचं काम होतं. तसं काढलं असतं, तर पत्रा छपरावर चढून त्याचं माप एम.बी.त येईपर्यंत एक रुपया सुटला नसता. मी नग मागितले, मला नग मिळाले. छप्पर मी मागितलंच नव्हतं.

सुतार मिळेपर्यंत गणपती आले. मजुरी हातपावतीवर दिली, वासे वेगळ्या बिलावर. पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेप आला: एका कामाचे तुकडे पाडले. आक्षेप बरोबर होता. उत्तरात वादळाचं कारण लिहिलं, पण लिहिताना हात जड झाला.

तसं पाहिलं तर या सीमारेषेवर मोठमोठे अडखळलेत. इमारतीत बसवलेली लिफ्ट ही विक्री की वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयानं 2005 साली विक्री हे उत्तर दिलं आणि 2014 साली घटनापीठानं बहुमतानं ते फिरवलं. मुद्दा कराचा होता, पण गाठ तीच.

किहीमला ही गाठ पक्ष्यालाही ठाऊक आहे, असं मी गमतीनं म्हणतो. 1930 साली सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास इथेच केला. नाव सुगरण, पण घरटं विणतो नर. तो ते अर्धं विणून थांबतो. मादी येऊन आतून बघते. पसंत पडलं तरच पुढचं विणकाम. याला म्हणायचं काम! तपासणी मध्यावर, जिथे चूक अजून सुधारते. मी तपासणी केली ती फाटकाशी, टेम्पो उतरताना.

सेवेच्या बाबतीत तर आपण सर्रास चुकतो. 2019 साली राज्यात 33 कोटी रोपं लावायचं लक्ष्य होतं. हा आकडा नगांचा. रोप वस्तू आहे, खड्डा काम आहे, पण झाड होतं ते तीन उन्हाळे घातलेल्या पाण्यानं, आणि त्याची हजेरी लागते. किनाऱ्यावरच्या रेताड जमिनीत तर जास्तच. वृक्षारोपण सेवा म्हणूनच विकत घ्यावं, आणि शेवटचा हप्ता तिसऱ्या पावसाळ्यानंतर जगलेली झाडं बघून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कचेरीत असताना ते दोनदा टिपणीत लिहिलं. दोन्ही वेळा शेरा आला, "पाहिले."

त्या शाळेचं छप्पर आता पक्कं आहे. पण पत्रे वस्तू म्हणून घेतलेले, त्यामुळे ते साठा नोंदवहीत अजून शिल्लक दिसतात. दर वर्षी मार्चअखेरच्या पडताळणीला कुणीतरी अंगणात उभं राहतं, मान वर करून चाळीसपर्यंत मोजतं आणि सही करतं.