उघड्या मानेची ठकी

ठकीच्या मानेवर जन्मापासून एकही पीस नव्हतं. अंग तांबूस, शेपटीला काळी झाक, पाय पिवळेधमक. पण डोक्यावरची पिसं संपली की तिथून छातीपर्यंत लालबुंद उघडं कातडं. गावठी कळपात अशी एखादी कोंबडी मधूनच निपजते. हा रोग नव्हे, पिढीजात गुण आहे, आणि उन्हाळ्यात तो फार कामाला येतो. अंगावरची पिसंही मुळात विरळ असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला, बाकीच्या कोंबड्या चोच वासून सावलीत धापा टाकू लागल्या, तरी ठकी उकिरडा उकरत असायची. अंडीही तेव्हा तिचीच जास्त. तिची कसोटी लागायची ती हिवाळ्यात.

आमचं घर मखमलाबादच्या शिवारात, सभोवती द्राक्षबागा. नाशिकची हवा सुखाची असं पाहुणे म्हणतात, पण पौषातली इथली पहाट त्यांनी अंगावर घेतलेली नसते. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी बहुतेक वर्षी पेपरात येते आणि द्राक्षबागायतदारांची झोप उडते. पाण्यावर आलेल्या मण्यांना या थंडीने तडे जातात. मग मध्यरात्रीनंतर बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, ठिबक चालू ठेवायचं. आमच्याकडे बागेसाठी वडील जागे असत आणि खुराड्यासाठी आजी.

‘कोंबडीला थंडी मारत नाही, ओल मारते,’ हे आजीचं ठाम मत होतं आणि इतक्या वर्षांनी मीही तेच सांगेन. कोंबडीचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, एक्केचाळीस अंशांच्या आसपास. पिसं फुगवून ती आत हवा धरून ठेवते, पाय पोटाखाली घेते, चोच पंखात खुपसते. एवढ्यावर तिची आमच्याकडची रात्र निभते. मात्र खाली अंथरलेलं तूस ओलं झालं, पिसं भिजली किंवा विष्ठेचा उग्र वास कोंडला, की दोन-चार दिवसांत घरघर सुरू होते. नाकातून पाणी, डोळ्यांना सूज, मग खाणं बंद. थंडी पडली की माणसं मायेपोटी खुराड्याला चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात. सकाळी आतून हात फिरवावा तर प्लास्टिकला पाणी सुटलेलं असतं. ते सगळं कोंबड्यांच्या श्वासाचं. आजी गोणपाटाचे पडदे लावायची, तेही वाऱ्याच्या बाजूने, आणि वरती वीतभर जागा उघडी ठेवायची. तूस इगतपुरीकडच्या भातगिरणीतून पोत्याने यायचं. रोज वरखाली करायचं, ओलसर भाग काढून टाकायचा, नवं पसरायचं. हिवाळ्यातलं खरं काम हेच. दिसायला किरकोळ, पण एक दिवस चुकवता येत नाही.

ठकीच्या बाबतीत मात्र आजीचा नियम पुरा पडत नव्हता, कारण फुगवायला तिच्या मानेवर काहीच नव्हतं. तिने स्वतःच वाट काढली. दिवेलागणीला कोंबड्या आत शिरून दांडीवर चढतात तेव्हा त्यांच्यात मानपान असतो. वरची, मधली जागा थोरल्यांची, कडेची जागा दुबळ्यांची. ठकी काही थोरली नव्हती. पावसाळ्यात ती कडेलाच बसायची. थंडी सुरू झाली की मात्र ती सगळ्यांच्या आधी आत जाऊन दांडीच्या मधोमध बसायची आणि टोचा खाऊनही हलायची नाही. एका बाजूला काळी म्हातारी कोंबडी, दुसऱ्या बाजूला कोंबडा. मी कंदील वर धरून पाहिलंय: ठकीने आपली लाल मान म्हाताऱ्या कोंबडीच्या पंखाखाली पार खांद्यापर्यंत सारलेली असायची. बाहेरून पाहणाऱ्याला ती बिनडोक्याचीच वाटावी. म्हातारी पहिल्यांदा कुरकुरायची, मग पंख जरा सैल सोडायची. त्या म्हातारीचं मला आजही कौतुक वाटतं.

संध्याकाळचं दाणापाणी महत्त्वाचं. दाणे रात्रभर पचत राहतात आणि त्यातूनच अंगात ऊब टिकते. म्हणून हिवाळ्यात शेवटचा घास बाजरी आणि भरडलेल्या मक्याचा. आजी अंधारात प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी चाचपून बघायची. भरलेली असली तर ठीक, रिकामी लागली तर ती कोंबडी सकाळी वेगळ्या डालग्याखाली. ठकीची पिशवी चाचपावी लागत नसे. उघड्या कातड्याखाली ती गोल, टम्म फुगलेली सरळ दिसायची, दाण्यांचे उंचवटेसुद्धा. सकाळी पाणी कोमट करून द्यायचं, कारण गार पाण्याला कोंबड्या चोच लावत नाहीत आणि पाणी कमी गेलं की खाणंही कमी होतं.

सकाळी खुराडं उघडलं की ठकी दाण्यांकडे न जाता थेट बागेत पळायची. रात्रीच्या शेकोटीची राख अजून ऊबदार असायची. तिथे ती खड्डा करून लोळायची, पंखांखाली राख उडवून घ्यायची, मान जमिनीला घासायची. पिसवा आणि उवा झाडायला राखेसारखं औषध नाही. थंडीत कोंबड्या रात्रभर एकमेकींना चिकटून बसतात, त्यामुळे उवाही एकीच्या दुसरीवर जातात. हळूहळू सगळा कळप तिच्यामागे राखेत जाऊ लागला. निखारे राहिलेत का हे आधी काठीने उकरून पाहणं हे माझं काम होतं.

अंडी या दिवसांत जवळपास बंद होतात. कार्तिक-मार्गशीर्षात पिसं झडतात, नवी यायला अंगातली ताकद लागते, आणि शिवाय उजेड कमी. भरपूर अंडी घालायला कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड हवा. डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. मोठ्या पोल्ट्रीत दिवे लावून ती तूट भरतात. आमच्याकडे तेव्हा भारनियमन, बल्ब कधी लागेल कधी विझेल याचा भरवसा नाही, आणि आजीला ते पटतही नव्हतं. गावठी अंड्यांना नेमका हिवाळ्यात भाव असतो, तो पैसा तिच्या हातचा होता, तरी ‘तिला इसावा घेऊ दे,’ म्हणायची. तिचं म्हणणं बरोबर होतं. विश्रांती मिळालेली कोंबडी माघात लागली की उन्हाळाभर थांबत नाही.

थंडीच्या तोंडावर मानमोडीची लस टोचून घेणं हे मात्र ती कधी टाळत नसे. एका कुपीत शंभर कोंबड्यांची लस. फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वस्तीतली चार-पाच घरं मिळून ती थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची आणि कोंबड्या सोडण्याआधी भल्या पहाटे घरोघर फिरून टोचणी व्हायची.

फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. तिथल्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही सरकारने मारल्या. नवापूर आमच्यापासून दूर, पण आमची अंडी दारातच पडून राहू लागली. कोंबड्या ठेवू नका, पोरं घरात आहेत, असं सांगायला माणसं आली. हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला परदेशातून बदकं येतात. रानपक्ष्यांशी आपल्या कोंबड्यांची गाठ पडू नये एवढी खबरदारी घेणं शहाणपणाचं होतं, आणि आजीने ती घेतली. अंगणाचा एक भाग जाळीने बंदिस्त केला, दाणापाणी आत नेलं, सगळ्यांना हात धुवायला लावले. कळप मात्र तिने मोडू दिला नाही.

संक्रांतीच्या सुमारास एका वर्षी ठकी खुडूक बसली. भर थंडीत, तीही विरळ पिसांची. हिची अंडी गारठणार असं वडीलही म्हणाले. आजीने तिच्याखाली सातच अंडी ठेवली, तिच्या अंगाखाली मावतील एवढीच. इतर खुडूक कोंबड्या सकाळी उठून दाणे खातात. ठकी सकाळी उठायचीच नाही. दुपारी ऊन खुराड्याच्या दारात आलं की उठायची, भराभर खायची, पाणी प्यायची, राखेकडे ढुंकूनही न बघता परत. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली. त्यांतल्या दोघांच्या माना उघड्या होत्या. पहिले आठ-दहा दिवस आजीने ते बिऱ्हाड स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला ठेवलं.

ठकी गेली ती हिवाळ्यात नव्हे, श्रावणातल्या झडीत, वय होऊन. तोवर तिच्या लेकी आणि नाती अंडी घालू लागल्या होत्या. आधी तिच्या मानेला नाकं मुरडणाऱ्या शेजारणी नंतर उबवायला उघड्या मानेचीच अंडी मागायला येत. आजी द्यायची, आणि देताना विचारून घ्यायची, ‘खुराड्यात वरनं वारा येतो ना गं? तूस कोरडं आहे ना?’