झाकणावरचे थेंब

नारायणगावच्या आमच्या घरातील नात सेमी-इंग्रजी शाळेत शिकते. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी सारे मराठीत. ‘इव्हॅपोरेशन’ची व्याख्या ती घडाघडा म्हणे, अर्थ विचारला की गप्प. बँकेत आयुष्यभर जमाखर्च जुळवणाऱ्या मला हा ताळेबंद खटकला. म्हणून दोन्ही भाषांचे एक गाणे रचले :

‘ऊन लागता पाणी उडे, इव्हॅपोरेशन;
गार होता थेंब पडे, कंडेन्सेशन.’

चार दिवसांत तिला ते पाठ झाले. मी सुखावलो. एके सकाळी घरी पिण्याचे पाणी उकळत होते. झाकण उचलताच थेंब ओघळले. तिने विचारले, “आजोबा, झाकणावर पाणी कुणी ओतलं?”

माझी चूक उमगली. घोकंपट्टीलाच मी चाल लावली होती! मग पातेल्यापाशी उभे राहून आम्ही गाणे पुन्हा म्हटले. दुसऱ्या ओळीवर ती थबकली, झाकणाकडे पाहून हसली.

आता तीच बजावते, “आधी दाखवा, मग गाणं करू.” जवळच खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तेथील प्रदर्शनास आम्ही जाणार आहोत. गाणे परतल्यावर.