‘बिझी’पुढचे ‘रायटिंग’

मी पेन्शनीत निघाल्यावर शेजारच्या वकीलसाहेबांची कन्या माझ्याकडे इंग्रजी शिकावयास येऊ लागली, आणि ज्या प्रकरणाचा निकाल मी माझ्या दफ्तरी केव्हाच नोंदवून ठेवला होता, त्याची फेरचौकशी या उतारवयात मजवर ओढवली. ‘ही इज बिझी रायटिंग लेटर्स’ या वाक्यातील ‘रायटिंग’ हे धातुसाधित नाम की विशेषण, एवढाच तिचा प्रश्न. ‘वर्थ रीडिंग’ची गोष्ट निराळी, ‘वर्थ’च्या पुढे नुसता रुपयाही चालतो, तेव्हा तेथील ‘रीडिंग’चे नामत्व निर्विवाद आहे. ‘लुक फॉरवर्ड टु सीइंग’मधील ‘टु’ हे शब्दयोगी अव्यय आहे, हे ध्यानी आले की तोही तंटा मिटतो. ‘बिझी’ मात्र एरवी कोणत्याही नामास ‘विथ’सारख्या अव्ययाच्या मध्यस्थीवाचून जवळ येऊ देत नाही, आणि ‘रायटिंग’ला बिनदिक्कत थारा देते.

माझे जुने उत्तर असे, की येथे पूर्वी ‘इन’ होते व ते कालौघात गळाले. ‘हॅव डिफिकल्टी फाइंडिंग’, ‘स्पेंड द डे रीडिंग’ यांतही तेच झाले, आणि जुन्या वळणाचे लेखक ते ‘इन’ अजूनही घालतात. हे सांगताच वर्गात जी स्तब्धता पसरे ती मला अत्यंत प्रिय होती. अदृश्य अव्यय दाखविणारा मास्तर विद्वान ठरतो, आणि तसे ठरणे मला आवडे. ही मुलगी स्तब्ध झाली नाही. ‘‘नाम असेल तर ‘वर्थ द रीडिंग’सारखे ‘बिझी द रायटिंग’ का चालू नये, मास्तर?’’

तिचा आक्षेप रास्त होता. या ‘रायटिंग’वर वंशावळ पाहता हक्क नामाचा, पण आजची वहिवाट विशेषणाची! प्राचीन इंग्रजीत नामाचा ‘उंग’ आणि विशेषणाचा ‘एंडे’ असे दोन स्वतंत्र प्रत्यय होते. मध्ययुगात ते एकाच रूपात मिसळले, तेव्हापासून या घराण्याची वाटणी नीट झालेलीच नाही. ‘अमुक शब्दांपुढे आयएनजी लावा व पाठ करा’ म्हणणाऱ्या बाजारी गाइडकर्त्यांना याची दखलही नसते, आणि परीक्षक त्यांचेच यादीवजा प्रश्न काढतात.

याच प्रत्ययाच्या दुसऱ्या एका प्रयोगावरून फाउलर व येस्पर्सन हे इंग्रजीचे दोन भाषापंडित १९२५ च्या सुमारास भांडले. तर्काला न पटणारे रूप फाउलर हद्दपार करू पाहत होता; येस्पर्सनने मोठमोठ्या लेखकांच्या ग्रंथांतील दाखल्यांची रासच त्याच्यापुढे ओतली. न्याय येस्पर्सनच्या बाजूने आहे हे मला कळते. परंतु फटकारण्याची फाउलरची ऐट मला आजही मोह घालते. मुलीला मी येस्पर्सन वाचावयास दिला आहे. फाउलर मागितला, तेव्हा तो बाइंडिंगला गेला आहे असे सांगितले.