घरांतील रोजकीर्द

चार वर्षांमागें एका माजी विद्यार्थ्यानें मला विचारिलें, "सर, बिटकॉइनमध्यें पैसे घालूं का?" "लोक घालतात, तर ठीक असेल," असें मी कांहीं न तपासतां बोलून गेलों. पुढें एका भामट्यानें त्याच नांवाखालीं त्याची पुंजी लुबाडली.

ती बोच मनांत होती. गेल्या दिवाळींत मीं घरच्या जुन्या संगणकावर 'बिटकॉइन कोअर' बसविलें. ३ जानेवारी २००९ पासूनची सगळी रोजकीर्द उतरून घेऊन पडताळण्यास त्यास ९ दिवस लागले. ६०० गिगाबाइटांहून अधिक जागा खर्ची पडली. सुमारें दर १० मिनिटांनीं हिशेबाचें नवें पान येतें. माझें यंत्र त्यांतील प्रत्येक व्यवहार नियमांशीं ताडून पाहतें व खोटें पान नाकारतें. मोबदला एक पैही नाहीं. उलट विजेचें बिल वाढलें.

एक गोष्ट मात्र उमगली. हें यंत्र नाण्याचा खरेपणा तपासतें. नाणें मागणाऱ्याची दानत नव्हे. त्या विद्यार्थ्याची मीं क्षमा मागितली.

विद्यार्थिमित्रहो, ठाऊक नसेल तेथें "ठाऊक नाहीं" असें म्हणावयास लाजूं नका. मी लाजलों, त्याचें मोल दुसऱ्यानें भरलें.