दोराचं दुसरं टोक

आजोळी, वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत, आम्ही पोरं विहिरीत पोहायला शिकलो ती काथ्याच्या दोराला बांधून. पाठीला वाळका भोपळा, कमरेला दोर आणि त्याचं दुसरं टोक काठावर मामाच्या हातात. मामा दोर ओढत नसे, सैल सोडत जाई. पोर आपणहून पायऱ्या उतरेपर्यंत तो थांबायचा. पोरांना ढकलून देणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग होता.

मुंबईत दोर उरला तो कपडे वाळत घालण्यापुरता. पुन्हा हातात आला तो कॅनडात, ओंटारिओ सरोवराच्या काठी, बुडणाऱ्याकडे दोर न्यायला मी शिकवलेल्या केतकी नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरमुळे.

इथे मे महिन्यात ऊन छान पडतं, माणसं होड्या काढतात, पण पाणी अजून बर्फगार असतं. मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी रूढ केलेला हिशेब इथल्या जलसुरक्षेत सगळे शिकवतात: 1-10-1. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात धाप आवरायची, पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय ऐकतात, तासाभरात शुद्ध हरपू लागते. पोहणाऱ्याचा घात होतो तो बहुधा त्या मधल्या टप्प्यात. बोटं वळेनाशी होतात, दोर समोर असूनही धरता येत नाही. म्हणून आमच्या दोराच्या टोकाला कोपर अडकवता येईल एवढा मोठा, जाड फास आहे.

केतकीच्या, म्हणजे गोल्डन रिट्रीव्हरच्या, जातीची पैदास स्कॉटलंडमधल्या गिसाकन इथे 1868 पासून झाली, शिकारीतले पक्षी पाण्यातूनही न चिरडता आणून द्यावेत म्हणून. दोर तोंडात धरणं केतकीला शिकवावंच लागलं नाही. पाणीही मी मामासारखंच दिलं: आधी घोट्याइतकं, मग पोटापर्यंत, तिच्या मर्जीनं.

अवघड होतं ते वळण. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याच्यावर चढतो, मग ते कुत्रं का असेना. रिट्रीव्हर तर थेट माणसाच्या तोंडाशी जाणार. तिला शिकवायचं होतं की हातभर अंतरावर गोल फिर, फास त्याच्या कोपरापाशी येऊ दे आणि पाठ फिरवून काठाकडे नीघ. मायेनं धावणाऱ्या जीवाला पाठ फिरवायला लावणं मला फार जड गेलं. ड्रायसूट घातलेली मैत्रीण पाण्यात ओरडायची, केतकी कळवळून तिच्याकडे झेपावायची आणि मी काठावरून शिट्टी द्यायचे. सगळा उन्हाळा यातच गेला. मग एका सकाळी ती वळली. तिच्यामागे पिवळा दोर पाण्यावर मोठा कंस काढत गेला, मैत्रिणीनं कोपर अडकवलं आणि दोर ताठ झाला.

आता केतकी थकली आहे. गार पाण्यात पोहल्यावर तिची शेपटी बुंध्यापासून लुळी पडायची, दुखायचीही. दोनचार दिवस विश्रांती दिली की ठीक व्हायची. आता आम्ही तिला थंडीत उतरवतच नाही. तिच्या जागी एक काळा लॅब्राडोर शिकतोय. वळणावर अडलाय. पाणी अजून फार गार आहे, तेव्हा या रविवारी त्याला होडीवरून सोडणार नाही. गुडघाभर पाण्यात, आखूड दोरावर, फक्त वळायचं.