गाडीची वही

आमच्या शेतावरील पिकअपने तीन लाख किलोमीटरांचा टप्पा केव्हाच ओलांडला. ‘आता काढून टाका’ असे हितचिंतक सुचवितात. शासकीय सेवेत आम्ही वाहनांची लॉगबुके पुष्कळ तपासली. गाडी किती धावली यापेक्षा तिची निगा किती वेळेवर राखली गेली, हेच त्यांतून उमगत असे. म्हणून या गाडीचीही वही आम्ही ठेवली आहे.

निमाडातील शेतरस्त्यांच्या धुळीने एअर फिल्टर लवकर चोंदतो; तो मुदतीपूर्वीच उघडून पाहतो. जुने इंजिन थोडे ऑइल जाळतेच, म्हणून दर रविवारी दांडी ओढून पातळी तपासतो. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी सोडतो. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस भरतो. पाटे तडकले नाहीत ना, हेही न्याहाळतो.

खरी काळजी ब्रेक ऑइलची. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि मग कमी तापमानालाच उकळू लागते. इंदूरहून खताची पोती लादून सिमरोलपुढचा घाट उतरताना ब्रेक तापतात. अशा वेळी ऑइलमध्ये वाफ धरली, तर पेडल नुसतेच खाली जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक उत्तम लागत असले, तरी दर दोन वर्षांनी आम्ही ते बदलतोच. उतारावर खालचा गिअर ठेवण्याची ताकीद चालकाला आहे, ती वेगळीच.

नवी गाडी यथावकाश येईल. तोवर चालक सुखरूप परतेल, हा त्याच्या घरच्यांना दिलेला आमचा शब्द त्या वहीत आहे.